पडवीतला बर्फ

जानेवारीचा तिसरा रविवार. घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असं मी आठवडाभर मनाशी घोकत होते. आठवड्याची एकच सुट्टी, आणि कडक ऊन. सकाळचा चहा झाला, पदर खोचला आणि मोठा टब काढायला मागच्या पडवीत गेले. टबापर्यंत पोचायला वाटच नव्हती. तांदळाच्या गोणी, पाहुण्यांच्या गाद्या, लेकीची गंजलेली सायकल, गणपतीच्या मखराचे तुकडे, सगळं एकावर एक रचलेलं. गाद्या ओढून बाजूला केल्या. त्यांच्यामागे पाणी तापवायचा हीट पंप उभा होता, खाली टाकी आणि वर पंख्याचं खोकं. तो घरघरत होता. त्याच्या जाळीतून आत काहीतरी पांढरं दिसलं. बोट घातलं. बर्फ.

आमचं गाव पनवेलजवळ, नेऱ्याच्या वाटेवर, डोंगराखाली. इथे जानेवारीतसुद्धा दुपारी पंखा लावून बसतात. त्या गावात माझ्या पडवीत बर्फ जमला होता, आणि उद्या सकाळी टेम्पो येणार होता.

टेम्पो थोरल्या दिरांनी ठरवला होता. आईंची खाट आणि कपाट न्यायला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. दीर नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतात. नवरा-बायको दोघं नोकरीला, सकाळी बाहेरून कुलूप लावून जातात. आईंनी दिवसभर त्या कुलपाच्या आत बसायचं, टीव्ही बघायचा आणि संध्याकाळची वाट बघायची, असा बेत होता. कारण काय, तर आमच्या घरी गरम पाणी मिळत नाही.

आईंचं माहेर उरणकडचं, मिठागरातलं. लहानपणापासून मिठात राबलेले हात. आता बोटांची पेरं सुजलेली असतात आणि सकाळी मूठच उघडत नाही. बादलीभर कढत पाणी अंगावर घेतलं, हात त्यात बुडवून बसल्या, की हळूहळू बोटं सुटतात. बोटं सुटली की त्या पुढच्या ओट्यावर येतात, कोळंबीसारखा बारीक सुका जवळा निवडायला घेतात, शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात आणि गावातल्या प्रत्येकाचे वाभाडे निघतात. हाच त्यांचा दिवस. बोटं सुटली नाहीत तर त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. म्हणजे गरम पाणी ही चैन नव्हे. त्याच्यावर त्यांचं सगळं चालतं.

डिसेंबरपासून पाणी कोमट यायला लागलं. मी पहाटे कारखान्यात पाळीला जाते, अंधार पडल्यावर परत येते. आईंनी कुणाला न सांगता गॅसवर पातेलं ठेवायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात ते पातेलं अशा हातांनी उचलताना पायावर सांडलं. फोड आले. थोरले आले, पाय पाहिला आणि ओट्यावर उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले.

“एवढं मोठं मशीन आणलं, हीट पंप! साधा गीझर बसवला असता तर काय बिघडलं असतं? आता बास. आई माझ्याकडे येणार.”

थोरल्या मुलापुढे आई कधीच बोलत नाहीत. तो गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “मना नाय जायाचं गो तिकडं. तिथं खाली बघितला का चक्कर येते.”

आता हे यंत्र घरात का आलं ते सांगते, कारण तेही संतापाचंच आहे. आमच्याकडे आधी गॅस गीझर होता, बाथरूमच्या आतच. मागच्या थंडीत आई आंघोळीला गेल्या आणि बाहेर येईनात. दार ढकलून उघडलं तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. बाथरूमच्या झरोक्याला कोणीतरी पुठ्ठा ठोकला होता, थंडी येते म्हणून. आत गॅस जळत होता आणि हवा यायला जागा नव्हती. आई वाचल्या. पुठ्ठा कोणी ठोकला, ते आमच्या घरात आजपर्यंत कोणी कबूल केलेलं नाही.

त्याच दिवशी मी गॅस गीझर उतरवला. साध्या विजेच्या गीझरला बिल फार येतं. हीट पंप मला आपला वाटला, कारण मी अशाच यंत्रांमध्ये दिवस काढते. तळोज्याच्या बाजूला मासळी गोठवायच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. आमच्या शीतगृहाच्या मागे जाऊन उभं राहिलं तर तोंडावर गरम झळ येते. नव्या पोरींना मी मुद्दाम तिथे उभं करते आणि विचारते, ही झळ कुठली? त्या म्हणतात, मोटारची. थोडी मोटारची असते, पण बाकीची सगळी कोळंबीची. आतल्या मालातली उष्णता काढून बाहेर फेकली, म्हणून तर माल गोठला. यंत्र उष्णता तयार करत नाही, ती एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकतं. हीट पंप हेच उलट्या बाजूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज फक्त उचलण्याच्या हमालीला लागते, म्हणून ती कमी लागते. आणि आमची हवा तर उबदार आणि दमट. त्या यंत्राला जेवायला याहून चांगलं ताट कुठे मिळणार?

एप्रिलमध्ये बसवला तेव्हा तो तसाच चाललाही. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी होती, डोंगराकडून वारा यायचा. एका बाजूने पंखा हवा ओढायचा, दुसऱ्या बाजूने गार हवा बाहेर सोडायचा. आई दुपारी त्या गार हवेत पाट टाकून बसायच्या.

“हा बरा हाय,” म्हणायच्या. “फुकटचा एशी.”

मग जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मी कामावर असताना थोरले आले आणि पडवीला तिन्ही बाजूंनी फायबरचे पत्रे मारून गेले. आमच्याकडे ही रीतच आहे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पूर्वी माडाच्या झावळ्यांच्या झडी लावत. पण त्या दिवाळीआधी उतरवत. पत्रा कोण उतरवतो? एकदा ठोकला की ठोकला. पडवीची खोली झाली, आणि खोली झाली की घरातली अडगळ आपोआप तिथे चालत येते. संध्याकाळी मी परत आले तेव्हा थोरले दमून चहा पीत होते आणि नवरा म्हणाला, “बघ, दादाने किती छान बंदिस्त करून दिलं.” मी दमलेली होते. पाऊस तोंडावर होता. छान आहे म्हणाले आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

हे सगळं त्या रविवारी, बर्फाला बोट लावून उभी असताना, एका झटक्यात डोक्यात जुळलं. यंत्र बंद डब्यात उभं होतं. स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढत होतं, आणखी गार करून सोडत होतं, तीच पुन्हा ओढत होतं. तोंडाशी गाद्या रचलेल्या. कारखान्यात गार नळ्यांच्या कॉइलवर असा बर्फ धरला की मी पहिला प्रश्न विचारते, वाऱ्याच्या वाटेत कोणी काय ठेवलंय? घरी येऊन मला तो प्रश्न सुचला नव्हता, कारण त्या कोपऱ्यात जायला वाट नव्हती आणि रविवार सोडला तर दिवसाउजेडी मी घरी नसते.

तरी टब आणि गोधड्या नवऱ्याकडे देऊन आधी फिटरला फोन लावला, कारण बसवणारा तो होता.

“मॅडम, हिवाळ्यात असंच होणार,” तो म्हणाला. “ऊन कमी असतं ना.”

“ऊन? ते सोलर नाहीये. तुम्हीच बसवलंय ना हे?”

“तसं नाही मॅडम. आतला हीटर चालू करा, कॉइलवाला. पाणी गरम होईल.”

“मग हीट पंप कशाला घेतला मी? जूनमध्ये पाणी ठिबकतंय म्हणून तुम्ही येऊन गेलात. तेव्हा पत्रे लागले होते. तुम्हाला दिसलं नाही की हे कोंडलेलं आहे?”

“सर आहेत का घरी? मी सरांना समजावून सांगतो.”

“सर गोधड्या पिळतायत. मला समजवा.”

त्याने फोन ठेवला. माझा नवरा खरंच गोधडी पिळत होता. हातातली गोधडी तशीच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

“पत्रे काढायचे,” मी म्हणाले.

“अगं, दादाने प्रेमाने लावलेत.”

“प्रेमाने लावलेत म्हणून हवा आत येणार आहे का?”

“उद्या तो येतोच आहे. त्याला विचारून काढू. उगाच वाद कशाला?”

या माणसाने आयुष्यात वाद टाळण्यासाठी जेवढे कष्ट घेतले तेवढे इतर कशासाठी घेतले नसतील. उरणला बंदरात भल्यामोठ्या क्रेनवर बसतो, कंटेनर सुईत दोरा ओवावा तसे ठेवतो आणि मोठ्या भावाने ठोकलेला स्क्रू काढायला घाबरतो. मी म्हणाले, “उद्या तो आला की तुझी आई जाईल. तुला चालणार आहे का?” तो शिडी आणायला गेला. मी तेच उत्तर धरलं.

मी थोरल्यांना फोन केला. त्यांना अंधारात ठेवून काही करायचं नव्हतं.

“भाऊजी, पत्रे काढतेय.”

“का? काय झालं?”

“मशीन कोंडलंय. त्याला हवा लागते.”

“मशीनला हवा? ते काय म्हैस आहे का?”

“म्हैस असती तर तुम्ही गोठ्याला खिडकी ठेवली असती.”

ते म्हणाले, “हे बघ, मी खास माणूस आणून लावून घेतलेत. पुढच्या पावसात सगळं भिजलं तर मला सांगायचं नाही. आणि टेम्पो सांगून ठेवलाय. आईला गारठ्यात ठेवून तुझे प्रयोग नकोत.”

“प्रयोग तुमचा होता,” मी म्हणाले, आणि फोन ठेवला, कारण पुढचं जे तोंडाशी आलं होतं ते थोरल्या दिराला बोलता येत नाही.

ते मी शिडीवर चढून पत्र्यांना बोलले. स्क्रू गंजले होते. एकेक पिळून काढताना मला एकच गोष्ट दिसत होती. आमच्या घराचं पुढचं तोंड बघा. टाइल्स, ग्रिल, रंगीत दिवे. तिथे एक खिळा मारायचा तर चार पुरुष मोजमाप घेतात. मागे बायका भांडी घासतात, कपडे धुतात, मासळी साफ करतात. तिथे कुणीही येतो, काहीही ठोकतो आणि काहीही ठेवून जातो. विचारायचं कुणाला? नवीन पनवेलला जा, प्रत्येक इमारतीत बाल्कन्या काचा लावून बंद केलेल्या. बाल्कनी मोकळी ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं. आणि मग तेच लोक घामाघूम होऊन विचारतात, वारा का येत नाही हो? मला दुकानात सगळ्यांनी विचारलं, कोणत्या कंपनीचा घेताय, किती लिटरचा घेताय. ठेवणार कुठे, हवा येणार कुठून आणि जाणार कुठे, हे एकाही माणसाने विचारलं नाही. विकणाऱ्याने नाही, बसवणाऱ्याने नाही.

पत्रे उतरले आणि पडवीत ऊन घुसलं. वरचा स्लॅब तसाच होता, तेवढा यंत्राला पुरतो. ते उघड्यावर ठेवण्यासाठीच बनवलेलं आहे, पावसाच्या चार शिंतोड्यांनी काही होत नाही. यंत्र बंद करून बर्फ वितळू दिला. जाळीतला कचरा ब्रशने काढला, त्यात गादीचा कापूस निघाला. मागे भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, ते आम्ही दोघांनी टाकी रिकामी करून पुढे ओढलं, चारी बाजूंनी जागा केली. ठिबकणाऱ्या पाण्याची नळी फिटरने वर चढवून मग खाली सोडली होती. पाणी वर कसं चढेल? ती उताराला लावली. गरम पाण्याचा पाइप पडवीतून बाथरूमपर्यंत उघडाच गेलेला, वाटेतच पाणी निवायचं. नवऱ्याला पनवेलला पिटाळलं, तो काळ्या फोमच्या नळ्या घेऊन आला. पाइपला त्या चढवल्या आणि वरून टेप गुंडाळली.

आई हे सगळं पाटावर बसून बघत होत्या, भाजलेला पाय पुढे पसरून.

“काय करतंस गो? गाडी खोललीस का?”

मी त्यांना आत नेलं आणि आमच्या फ्रीजच्या मागे त्यांचा हात लावला. “गरम आहे ना? आतल्या भाजीतली गरमी इथे बाहेर येते. तसंच हे मशीन बाहेरच्या वाऱ्यातली गरमी काढतं आणि पाण्यात घालतं.”

त्यांनी दोरीवरच्या ठिबकणाऱ्या गोधडीकडे पाहिलं. “म्हंजे वारा पिळतं?”

“वारा पिळतं.”

“आनि वाराच नाय तर काय पिळंल, कपाळ?” त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

दुपारी टाकी पुन्हा भरून यंत्र सुरू केलं. हवा तेव्हाच सगळ्यात उबदार, तेव्हाच त्याला काम सोपं. पण माझं दुसरं भांडण अजून बाकी होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाशी होतं. आमच्या घरात बटण बंद करणं हा धर्म आहे. आंघोळ झाली, बंद. झोपायच्या आधी, बंद. “गीझर बंद केला का?” हे वाक्य या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं गेलं असेल. साध्या गीझरला ते ठीक. हा सावकाश तापवणारा प्राणी. पहाटेच्या गारठ्यात उठून त्याला चालू करायचं आणि पंधरा मिनिटांत कढत पाणी मागायचं, म्हणजे हवा सगळ्यात गार असताना त्याला पळायला लावायचं. दुपारभर तापू द्यावं, टाकीचं अस्तर जाड असतं, पाणी सकाळपर्यंत गरम राहतं.

संध्याकाळी पाहिलं तर नवरा सवयीने बटणाकडे निघालेला.

“हात लावायचा नाही.”

“अगं, ते तापून झालं की.”

“झालं की ते आपोआप थांबतं. तुझ्यापेक्षा हुशार आहे.”

आईंची भीती वेगळी होती. त्या बटणाखाली उभ्या राहिल्या. “राती पेटलेलं ठेवायचं? मागच्या टायमाला मी मेले असते.”

यावर मला रागावता आलं नाही. “आई, यात काही पेटत नाही. गॅस जळत नाही. आणि बाथरूमच्या झरोक्याला आता पुठ्ठाही नाही.” त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. मी कारखान्यातून आणलेली तपकिरी टेप काढली आणि बटणावर आडवी-उभी चिकटवली. पॅकिंगला वापरतो ती, नखाने निघत नाही. कोणी काढली तर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर टेप पाहिली. तशीच होती. कारखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. थोडं गार आलं, मग कोमट, मग हात मागे घ्यावा लागला. बादली भरली, गार पाण्याचं विसण घालून आईंना हाक मारली.

त्या आत असतानाच टेम्पो दाराशी येऊन थांबला. मागोमाग थोरले, मोटारसायकलवर. आत येऊन त्यांनी उघडी पडवी पाहिली, ओळीने भिंतीला लावलेले पत्रे पाहिले, आणि ओठ घट्ट मिटले.

“आई कुठे आहे?”

“आंघोळीला.”

“थंडगार पाण्याने?”

मी वर बोट दाखवलं. बाथरूमच्या झरोक्यातून वाफ बाहेर येत होती. ती त्यांनाही दिसली. ते ओट्यावर बसून राहिले. आई आल्या, केस पुसत, सावकाश, भाजलेला पाय जपत. ओट्यावर पाट ओढला, बसल्या, जवळ्याची पाटी पुढे घेतली. दोन-तीनदा मूठ उघडून मिटून बघितली. मग निवडायला सुरुवात केली.

“आई, सामान काढू ना?” थोरल्यांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

आई थोरल्यापुढे बोलत नाहीत हे मी वर लिहिलं. तेव्हाही फारसं बोलल्या नाहीत. पाटीतून मान वर न करता म्हणाल्या, “चा पी. टेम्पोवाल्यालापन दे. मी नाय येत.”

मी चहा ठेवला. दोघांना दिला. मग नवऱ्याला म्हणाले, “टेम्पो रिकामा परत जातोय, पत्रे चढव.” त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा आईच्या हातांकडे, आणि पत्रे उचलले. मी दुसऱ्या टोकाला धरलं. शेवटच्या पत्र्याला थोरल्यांनी हातही लावला. दोरी आवळली, टेम्पो गेला. मी पडवी झाडली, टब मधोमध ओढला, त्यात गरम पाणी सोडलं आणि राहिलेल्या दोन गोधड्या भिजत घातल्या.